नशिबाच्या खात्यावर काय काय टाकायचं?

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं पाहुणे विचारतात. माझ्या मते पुष्कळ आहे. आपल्या आयुष्यात जे घडतं त्यावर आपला ताबा किती, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षं चघळत आहेत. आमच्या ओट्यावर हवामानाचा अंदाज ऐकताना तोच प्रश्न रोज संध्याकाळी निघतो, फक्त भाषा वेगळी असते.

बारावीच्या मुलांना मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांची चाचणी सोडवायला देते. 1966 साली छापून आलेली ही चाचणी. विधानांच्या 29 जोड्या आहेत, त्यातल्या 6 नुसत्या भरतीच्या, मुलांना रोख कळू नये म्हणून घातलेल्या. प्रत्येक जोडीतलं एक विधान निवडायचं. एका जोडीचा आशय साधारण असा : माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखात थोडाफार हात नशिबाचा असतो, किंवा माणसावर येणारी संकटं ही त्याच्याच चुकांची फळं असतात. उत्तरांवरून गुण काढायचे. काही मुलं ‘अंतर्गत’ निघतात, म्हणजे जे होतं ते आपल्यामुळे होतं असं मानणारी. काही ‘बाह्य’ निघतात, म्हणजे नशीब, ग्रह, वशिला, सरकार यांच्याकडे बोट दाखवणारी.

मागे एका मुलाने त्या जोडीपाशी पेन खाली ठेवलं. त्याच्या घरीही बाग. म्हणाला, “मॅडम, दोन्ही खरं आहे. गारपीट झाली तर त्यात चूक कोणाची? आणि डाऊनी आली तर नशीब कसं?”

डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणारा बुरशीचा रोग, वेळेवर फवारलं तर बराचसा टळणारा. त्या पोराने चाचणीचं दुखणं एका वाक्यात सांगितलं. आणि गंमत अशी, की रॉटर स्वतः त्याच्याच बाजूचे होते. ब्रुकलिनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबात 1916 साली जन्मलेला हा माणूस. महामंदीत वडिलांचा धंदा बुडाला आणि परिस्थिती माणसाचं काय करते ते त्यांनी लहानपणीच घरात पाहिलं. त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट माणसाचा स्वभाव कधीच नव्हती. अनुभवातून बसलेली ती एक अपेक्षा होती. हात हलवले आणि फळ मिळालं असं वारंवार झालं, तर माणूस पुढेही हात हलवतो. पण चाचणी इतकी लोकप्रिय झाली, की ‘अंतर्गत’ म्हणजे कर्तबगार आणि ‘बाह्य’ म्हणजे रडतराऊत असा सरळ हिशेब लोकांनी मांडला. 1975 साली रॉटरना लेख लिहून सांगावं लागलं, की यात चांगली माणसं आणि वाईट माणसं अशी वाटणी करू नका.

ती वाटणी आजही चालू आहे. गावोगावच्या प्रेरणादायी व्याख्यानांत तर फारच.

बाग नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यातून नव्या काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड मिळतो. पण ऑक्टोबरात बाहेर पडणारा घड खरा तयार झालेला असतो उन्हाळ्यातच, खरड छाटणीनंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या आसपास, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे न फुटलेल्या कोंबाच्या आत. त्या दिवसांत ऊन भरपूर मिळालं तर डोळ्यात घड धरतो. आभाळ झाकलेलं राहिलं, पाऊस लवकर लागला, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा येतो. म्हणून छाटणीआधी शेतकरी काड्या तपासायला नेतो. प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे की नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललेच नाही. छाटणीची तारीख आमच्या हातात, कोणत्या डोळ्यावर कात्री लावायची ते आमच्या हातात, पण घड आहे की नाही हे चार महिन्यांपूर्वी ठरून गेलेलं.

बरं, त्यातही सगळं आभाळाने ठरवलेलं नसतं. उन्हाळ्यात काड्यांची गर्दी किती ठेवली, शेंडा वेळेवर मारला का, पाणी आणि नत्र कधी कमी केलं, यावरही डोळ्यातला घड अवलंबून असतो. म्हणजे त्या एका घडात थोडा माणूस असतो, थोडं ऊन असतं, आणि दोन्ही वेगळे करून दाखवता येत नाहीत.

छाटणीनंतरचे चार महिने असेच. फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढणं, घडांची विरळणी, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं, ही कामं आपल्या हातातली. डाऊनीसुद्धा बऱ्याच अंशी हातातली. पानं ओली राहिली की ती येते, हे माहीत असतं. पाऊस पडण्याआधी फवारा बसला तर बाग वाचते; पानाखाली पांढरी बुरशी दिसल्यावर ट्रॅक्टर काढला तर पळापळ होते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला, की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. त्याचा थोडा उपयोग होतो. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे ते पिकायला लागल्यावर पाऊस झाला, की मात्र मणी तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला औषध नाही.

आता यात माणसाचं मन काय करतं ते बघा. आभाळ भरून आलं, की गावात फवारणीच्या ब्लोअरचे आवाज सुरू होतात. त्यातल्या काही फवारण्या गरजेच्या असतात, काही नसतात. आमचे हेच एकदा म्हणाले, “नुसतं बसून बघवत नाही गं.” एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली लॉटरीच्या तिकिटांवर एक प्रयोग छापला. तिकीट एक डॉलरचं. काहींना ते स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. नंतर विकत मागितल्यावर, ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी सरासरी 8.67 डॉलर मागितले, आणि ज्यांना नुसतं मिळालं होतं त्यांनी 1.96. सोडत तीच, शक्यता तीच. निवडताना हात लागला, एवढ्यावरच आपलं तिकीट भाग्यवान वाटायला लागलं. हा प्रयोग सांगताना पुष्कळजण हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. वर्षभराचं कर्ज तारेवर लटकलेलं असताना माणसाला काहीतरी करावंसं वाटणं फार साहजिक आहे. त्या जादा फवारणीचा खर्च मात्र खरा असतो, आणि मालात राहणारा औषधाचा अंशही खरा असतो.

26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. रविवार होता. निफाडच्या काही गावांत संध्याकाळी गारा पडल्या. बागांची अवस्था निरनिराळी होती, कुठे फुलोरा, कुठे मणी धरलेले. जिथे मार बसला तिथे पानं, घड, कोवळी काडी, काहीच राहिलं नाही. आणि शेजारच्या शिवारात नुसता पाऊस.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ज्या घरांत जाऊन बसले, तिथे दोन तऱ्हेचं बोलणं ऐकलं. एका घरातला तरुण म्हणत होता, “मी छाटणी पंधरा दिवस मागे घेतली असती तर एवढं गेलं नसतं.” दुसऱ्या घरातला त्याच वयाचा मुलगा म्हणत होता, “माझ्यात दमच नाही. बापाने बाग लावली, मी घालवली.” वरवर बघता दोघंही स्वतःलाच दोष देत होते. पण रॉनी यानॉफ-बुलमन यांनी 1979 साली यात फरक करून दाखवला : आपल्या वागण्याला दोष देणं वेगळं आणि आपल्या असण्याला दोष देणं वेगळं. पहिल्यात पुढच्या वेळची वाट उघडी राहते. दुसऱ्यात दार लागतं. त्या दुसऱ्या मुलाची मला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटली. त्याच्या आईला मी बाजूला घेऊन सांगितलं, की याला एकटं ठेवू नका आणि त्याच्यासमोर ‘तू तर ना’ने सुरू होणारं एकही वाक्य बोलू नका. त्या माऊलीने ते पाळलं.

पण मला खरं बोलायचंय ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल.

रॉटरच्या मांडणीत दोनच कप्पे होते, आत आणि बाहेर. 1970 च्या दशकात हॅना लेव्हनसन यांनी ‘बाहेर’चे दोन भाग केले. एक योगायोग, नशीब, निसर्ग. दुसरा म्हणजे आपल्यापेक्षा बलवान माणसं. हे वाचलं तेव्हा मला आमचं सगळं गाव नव्याने दिसायला लागलं. कारण आमच्याकडे हे दोन्ही एकाच खात्यावर पडतात. गार पडली तरी नशीब, आणि व्यापारी पैसे बुडवून गेला तरी नशीब.

द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. हंगामात बाहेरचा व्यापारी येतो, सुरुवातीला रोख देतो, पाच-सहा गाड्या झाल्या की उधारी वाढते, आणि माल संपत आला की त्याचा फोन बंद लागतो. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं. नाना म्हणजे तापट माणूस, पाण्याच्या पाळीवरून भांडायला कधी कमी करायचे नाहीत. पण या बाबतीत एकदम गार पडले. “नशिबात नव्हतं ते, सोडून द्या आता,” एवढंच. त्याच वर्षी थंडीने मणी तडकले होते, त्याबद्दलही त्यांचं वाक्य हेच होतं, सूरही हाच. मला रात्रभर झोप लागली नाही. थंडीला नाव नसतं, पत्ता नसतो. त्या माणसाला दोन्ही होतं.

नंतर 2020 मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक म्हणून आले आणि शेतकऱ्यांना फसवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. शेतकऱ्यांनी तक्रारी द्या, असं जाहीर आवाहन केलं. गुन्हे दाखल झाले, व्यापारी पैसे घेऊन परत यायला लागले, शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये वसूल झाले. ज्याला वर्षानुवर्षं नशीब म्हटलं जात होतं, ते अर्जाच्या एका कागदाने हललं. नाना आधी नाहीच म्हणाले. मग शेजारच्या आबांना चेक मिळाल्याचं कळलं, तेव्हा मालाच्या हिशेबाची जुनी वही शोधायला स्वतः माळ्यावर चढले. आमचे सगळे पैसे आले नाहीत, काही आले. पण अर्ज देऊन आल्यावर नाना जेवायला बसले ते पूर्वीसारखे मोठ्या आवाजात बोलत. सासूबाई मला म्हणाल्या, “बघ, आवाज आला माणसाचा.”

अमेरिकेत 1969 साली गुरिन दाम्पत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी रॉटरची विधानं उलगडून पाहिली. ‘माझ्या आयुष्यात मला काही करता येतं’ हा विश्वास एकीकडे निघाला आणि ‘जो मागे राहतो तो स्वतःच्याच दोषाने’ ही समजूत दुसरीकडे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे विद्यार्थी मागे राहण्याचं कारण व्यवस्थेतल्या भेदभावात पाहत होते, ते जुन्या हिशेबाने ‘बाह्य’ ठरले असते, रडतराऊत ठरले असते. प्रत्यक्षात सामूहिक लढ्याकडे त्यांचाच ओढा जास्त होता. दोष कुठे आहे हे नीट दिसलं, की हात कुठे घालायचा हेही दिसतं.

बलवान माणसांचा कप्पा नेहमी इतका सरळ नसतो. 2010 चा हंगाम आमच्याकडचे निर्यातदार शेतकरी विसरणार नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतात, ते खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला आणि घड चांगला धरायला वर्षानुवर्षं वापरात होतं. युरोपात त्या वर्षी मालात त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. इथे माल पाठवण्याआधी ज्या औषधांची तपासणी होत होती, त्यांत या औषधाकडे लक्षच नव्हतं. शेतकऱ्याने सांगितलेलं सगळं केलं होतं. मग हे नशीब का? मुळीच नाही. तो नियम होता, कुणीतरी कागदावर लिहिलेला, आणि तो आमच्यापर्यंत वेळेत पोचला नव्हता. पुढे तपासणीची यादी सुधारली, शेतकऱ्यांनी सीसीसी सोडलं, निर्यात पुन्हा उभी राहिली. हे सगळं होऊ शकलं, कारण कुणी त्याला गारपिटीच्या रांगेत बसवलं नाही. बांगलादेशाने आपल्या द्राक्षांवरचं आयातशुल्क वाढवलं, की आमचे बाजारभाव ढासळतात, त्याचंही तसंच. त्याच्याशी एकटा शेतकरी लढू शकत नाही, पण लढायचं कोणी आणि कुठे, ते सांगता येतं.

आता असहायतेबद्दल. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे 1967 चे कुत्र्यांवरचे प्रयोग मी वर्गात शिकवते. काही केलं तरी विजेचा झटका चुकवता येत नाही, असा अनुभव आलेली कुत्री नंतर सुटका शक्य असतानाही पडून राहिली. याला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ म्हटलं आणि जगभरच्या पुस्तकांत ते गेलं. पण त्याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं केलं. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं हे शिकावं लागत नाही, मेंदूची ती मूळचीच प्रतिक्रिया असते, असं ते म्हणतात. शिकावं लागतं ते दुसरंच : की आपल्या करण्याने फरक पडतो. मेंदूच्या पुढच्या भागाला हे कळलं, की तो आतल्या घाबरटपणाला आवर घालतो.

हे वाचल्यापासून मला ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणाऱ्या माणसांचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. गारपिटीनंतर आमच्याकडे असं एक व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, परिस्थिती काहीही असो, तुमचं यश शंभर टक्के तुमच्या हातात आहे. पुढच्या रांगेत ज्यांची बाग झोडपून निघाली होती ती माणसं बसली होती. त्यांना हे सांगणं म्हणजे गारांचा दोषही त्यांच्याच माथी मारणं. फरक पडतो हे भाषणाने शिकता येत नाही. ते शिकायला खरोखर फरक पडावा लागतो, एकदा तरी, डोळ्यांसमोर.

आणि फरक पडायला साधनं लागतात. आमच्या शिवारात ज्यांनी बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं आहे, त्यांच्याशी बोलून बघा. पाऊस म्हटला की त्यांचा चेहरा वेगळाच असतो. ती माणसं स्वभावाने धीट आहेत म्हणून नव्हे. त्यांच्याकडे एकरी चार-पाच लाख रुपये होते किंवा कुणी उभे केले. आधीच एकरी तीन-चार लाखांचा उत्पादनखर्च असलेल्या माणसाने हे आणायचे कुठून? त्याला तुम्ही आत्मविश्वासाचं पुस्तक देणार की अनुदान? दोन एकरवाल्या विधवा बाईला ‘बाह्य’ ठरवणारी गुणपत्रिका मी स्वतः काढली, तर माझी पदवी काय कामाची?

म्हणून वर्गात मी आता चाचणीनंतर आणखी एक काम देते. घरातल्या मोठ्या माणसाशी बोलून गेल्या हंगामातलं एक नुकसान निवडायचं आणि त्याचे तीन भाग करायचे : आपल्याकडून काय झालं, निसर्गाने काय केलं, आणि कोणत्या माणसाने किंवा नियमाने काय केलं. पहिले दोन कप्पे पोरं झटक्यात भरतात. तिसऱ्यापाशी अडतात. मग घरी प्रश्न विचारतात, वडील चिडतात, आई काहीतरी आठवून सांगते. एका मुलीने लिहून आणलं होतं, की तिच्या वडिलांनी व्यापाऱ्याकडून सौद्याची पावती कधीच घेतली नाही, कारण ‘पावती मागितली तर तो दुसऱ्याच्या बागेत जाईल’ ही भीती. मी विचारलं, गावातल्या सगळ्यांनीच मागितली तर? ती म्हणाली, “मग तो कुठे जाईल, मॅडम?”

तोच प्रश्न तिने बचत गटाच्या बैठकीत विचारला. तिची आई त्या गटाची सचिव आहे. आता त्यांच्या वस्तीवर असं ठरलंय, की व्यापाऱ्याचं ओळखपत्र आणि परवान्याची प्रत घेतल्याशिवाय कुणी कात्री लावू द्यायची नाही, आणि पहिल्या गाडीपासून पावती. दोन-तीन घरं अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. उशिराच्या मालाला गिऱ्हाईक कमी, पावसाची धास्ती मोठी, अशा वेळी घासाघीस करायची ताकद कुणात असते? त्यावर गटातल्या बायकांनी सुचवलंय, की ज्यांचा माल उशिरा येतो त्यांचा सौदा लवकर येणाऱ्यांनी आपल्या सौद्याबरोबरच बोलायचा. जमेल की नाही ते जानेवारीत कळेल. नानांनी त्यांची वही त्या बायकांना नमुना म्हणून दिली आहे, तारखा आणि वजनं कशी लिहायची ते दाखवायला.